सॅलमँडर आणि मार्टेन : विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅलमँडर आणि मार्टेन यांत नेमका फरक काय?

सॅलमँडर हा उभयचर, म्हणजे बेडकाचा भाऊबंद. मार्टेन हा सस्तन, पाणमांजर आणि चांदी अस्वल यांच्या कुळातला. चार पाय, लांबुळकं अंग, लांब शेपूट एवढंच काय ते साम्य. बाकी जो फरक आहे तो जवळजवळ सगळा कातडीपाशी येऊन थांबतो. सॅलमँडरची कातडी उघडी, ओली आणि पातळ असते. पाणी आणि हवा तो तिच्यातूनच आत घेतो, त्यामुळे ती वाळली की तो मेला. मार्टेनच्या कातडीवर दाट लोकर असते. त्याला अंगातली उष्णता धरून ठेवायची असते, म्हणून तो बर्फातही धावतो. मात्र ती उष्णता तयार करायला रोज पोटभर शिकार लागते. एकाची रोजची चिंता पाणी, दुसऱ्याची खाणं. पुढची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

हे दोन्ही म्हणजे एकेकच प्राणी आहेत का?

नाही, हे दोन गट आहेत. सॅलमँडरच्या जगात आठशेच्या वर जाती आहेत. मेक्सिकोतला एक बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा, तर चीनमधला महाकाय सॅलमँडर १.८ मीटरपर्यंत वाढतो, म्हणजे उभ्या माणसाएवढा. मार्टेनच्या जाती मोजक्या, आठच्या आसपास. आकारातही ते एकमेकांपासून फार दूर नाहीत : एक-दीड किलोच्या युरोपी पाइन मार्टेनपासून पाच किलोच्या पुढे जाणाऱ्या हिमालयी नरापर्यंत. म्हणून 'सॅलमँडर केवढा असतो?' याला एक उत्तर देता येत नाही, मार्टेनचं देता येतं : लांबट मांजराएवढा.

विदर्भात यांपैकी कोणता सापडतो?

एकही नाही. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, गडचिरोलीचं जंगल, कुठेच नाही.

भारतात सॅलमँडर फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत : दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल, मणिपूर. मार्टेनच्या भारतात तीन जाती. पिवळ्या गळ्याचा मार्टेन हिमालयात आणि ईशान्येत, दगडी मार्टेन हिमालयाच्या उंच, उघड्या भागात, आणि निलगिरी मार्टेन दक्षिणेच्या सह्याद्रीत, म्हणजे केरळ, तामिळनाडू आणि कर्नाटकातल्या कोडगूच्या आसपास. महाराष्ट्राच्या वाट्याला तिघांतला एकही आलेला नाही.

मग विहिरीच्या कडेला दिसलेला काळा-पिवळा, जाड शेपटीचा प्राणी कोणता? मोबाइलवरचा फोटो तर हुबेहूब सॅलमँडरचा होता.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याची चूक तशी समजण्यासारखी आहे. मोबाइलवर फिरणारा फोटो बहुधा युरोपातल्या अग्नी सॅलमँडरचा असतो : काळंभोर अंग, त्यावर हळदीसारखे पिवळे पट्टे. सातपुड्याच्या रांगेत, मेळघाट धरून, एक पाल राहते, सातपुडा बिबट्या पाल. शास्त्राच्या पुस्तकात तिची वेगळी जात म्हणून नोंद २०१४ मध्ये झाली. तिच्या पिल्लांच्या अंगावर गडद आणि फिकट-पिवळे आडवे पट्टे असतात, शेपूट जाड असते, आणि घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकट गाद्या नसतात. रात्री जमिनीवरून संथ चालते. बॅटरीच्या उजेडात पाहिली तर सॅलमँडर वाटणारच.

दुसरी फसगत सापसुरळीची. तिला 'सापाची मावशी'ही म्हणतात. तिचं अंग तेल लावल्यासारखं चमकतं, म्हणून ती 'ओली' वाटते. एका जातीच्या पिल्लांची शेपटी लालभडक असते आणि ती दिसली की वावरात धावपळ उडते.

ओळख पटवायला हात लावायची गरज नाही. जवळून, झूम करून एक चांगला फोटो घ्या आणि पुढल्या पायांची बोटं मोजा. सॅलमँडरच्या पुढच्या पायाला चार बोटं, पालीला आणि सापसुरळीला पाच. नंतर बोटांच्या टोकांना नख्या आहेत का बघा. पाल, सापसुरळी, सरडा, घोरपड या सगळ्यांना नख्या असतात, भारतातल्या कोणत्याही सॅलमँडरला नसतात. डोळ्यामागे कानाचं भोक दिसलं तर सॅलमँडरचा विषय तिथंच संपला, कारण त्याला बाहेरून दिसणारा कान नसतो. अंगावर खवले दिसले तरी तेच. फोटो धूसर असेल तर निदान महिना आणि जागा आठवा : एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या मुरमाड धुऱ्यावर जे चालत होतं ते ओल्या कातडीचं जनावर असूच शकत नाही.

आणि ती बिबट्या पाल विषारी नाही. सातपुड्यापलीकडे हिंदीत 'बिसखोपडा' या नावाने अशा पाली उगाच बदनाम झाल्या आहेत. माणसाला विषबाधा करील अशी पाल किंवा सरडा भारतात नाही.

रात्री कवेलूंवर धावतो, लांब शेपूट, काळसर अंग. हा मार्टेन असेल का?

तो उदमांजर. काही गावांत मसन्याऊद, काही ठिकाणी कांडेचोर. वजन दोन ते पाच किलो, अंग करडं-काळं, पाठीवर तीन अस्पष्ट काळ्या रेघा, चेहऱ्यावर मुखवटा घातल्यासारखे डाग. माळ्यावर, कोठ्याच्या छपरात, जुन्या वाड्याच्या पोकळीत दिवसा झोपतो आणि अंधार पडल्यावर फळांच्या मागे निघतो : मोह, बोर, जांभूळ, तेंदू, चिकू. सिंदीच्या झाडाला लावलेल्या मडक्यातला रसही सोडत नाही. छपराखाली किंवा खडकावर बियांनी भरलेली लेंडी दिसली तर दुसरा पुरावा शोधू नका.

मार्टेनची गोम गळ्यात आहे. भारतातल्या तिन्ही जातींच्या गळ्यावर-छातीवर पिवळा, नारिंगी किंवा पांढरा ठळक डाग असतो, उदमांजराला नसतो. मार्टेनच्या पाठीवर रेघा नसतात. आणि पिवळ्या गळ्याचा व निलगिरी हे दोघे दिवसाउजेडी फिरणारे आहेत. तेव्हा रात्री दोन वाजता माळ्यावर धाड-धाड करणाऱ्याशी त्यांचा संबंध नाही.

गोंधळ घालणारे आणखी तिघं. जवादी मांजर : शेपटीवर कडी-कडी, पाठीवर लांब रेघा, बहुतेक जमिनीवर वावरणारं. मुंगूस : दिवसा, बुटकं, झाडापेक्षा धुऱ्यावर आणि काटेरी कुंपणात, त्यातल्या एका जातीच्या शेपटीचं टोक काळं आणि वर वळलेलं. मेळघाटात शेकरूही दिसतं, पण ती खार आहे, दिवसा शेंड्यावरून शेंड्यावर उड्या मारते आणि तिची झुबकेदार शेपूट खाली लोंबते.

मार्टेनचा एखादा नातेवाईक तरी आपल्याकडे आहे का?

आहे की, चांदी अस्वल. वर पांढुरकं-राखाडी, खाली काळं, आखूड पायांचं, जमीन उकरणारं. नावात अस्वल असलं तरी कूळ मार्टेनचंच. मसणवटीत उकरतं अशी त्याच्यावर जुनी तक्रार आहे. खरं तर ते उंदीर, किडे, मध यांच्या मागे असतं आणि भुसभुशीत माती त्याला सोपी जाते. पाणमांजरही याच कुळातलं. या कुळाची खूण म्हणजे शेपटीखालच्या गंधग्रंथी. उदमांजरालाही तशा ग्रंथी असतात, पण ते कूळ वेगळं.

सॅलमँडरला फुप्फुस नसतं हे खरं आहे?

निम्म्याहून जास्त जातींना नसतं. अमेरिकेत पसरलेल्या एका मोठ्या कुळात फुप्फुसच नाही. कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून त्यांचा श्वास चालतो. ऑक्सिजन पातळ पाण्याच्या थरात विरघळूनच कातडीत शिरतो, म्हणून कातडी सतत ओली हवी. पावसाच्या रात्री बाहेर पडायचं आणि उन्हात लाकडाखाली, पानांच्या थराखाली लपायचं, ही सवय या गरजेतून आली. बाकीच्या जातींना फुप्फुस आहे, तरी कातडी त्यांचंही अर्धं काम करते. अळीच्या वयात बहुतेकांना मानेजवळ पिसांसारखे बाहेर लोंबणारे कल्ले असतात. बेडकाच्या पिल्लाचे कल्ले लवकर झाकले जातात, यांचे उघडे राहतात. पाण्यात पिल्लू कोणाचं ते यावरून ओळखता येतं.

मार्टेनचा मामला आपल्यासारखा : दोन फुप्फुसं, चार कप्प्यांचं हृदय, गरम रक्त. सॅलमँडरच्या हृदयाला कप्पे तीन.

कोण जास्त खातो?

मार्टेन, आणि हा फरक थोडाथोडका नाही. थंड प्रदेशातला दीड किलोचा मार्टेन रोज साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या भागाएवढं खातो : उंदीर, खारी, पक्षी, अंडी, किडे, मध, फळं. शरद ऋतूत बोरवर्गीय फळांवर ताव मारतो. हिमालयातला पिवळ्या गळ्याचा मार्टेन जोडीने किंवा तिघा-चौघांच्या टोळीने फिरतो आणि कस्तुरीमृगासारख्या स्वतःपेक्षा मोठ्या जनावरालाही पाडतो.

सॅलमँडर गांडूळ, गोगलगाय, किडे, अळ्या यांच्यावर जगतो आणि कित्येक दिवस काही न खाताही तग धरतो, कारण त्याला अंग गरम ठेवायचं नसतं. स्लोव्हेनियाच्या गुहांतला ओल्म नावाचा आंधळा सॅलमँडर तर वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो. किराणा कमी लागतो म्हणून आयुष्यही लांबतं : अग्नी सॅलमँडर पिंजऱ्यात पन्नास वर्षं जगल्याची नोंद आहे, मार्टेन पिंजऱ्यातही अठरा वर्षांच्या आसपास संपतो, जंगलात त्याहून बराच आधी.

पिल्लं कशी होतात?

इथे दोघंही सरळ मार्गाने जात नाहीत.

पाइन मार्टेनचा माज उन्हाळ्याच्या शेवटी, जुलै-ऑगस्टमध्ये. पण गर्भ लगेच रुजत नाही. फलित बीज गर्भाशयात जवळजवळ थांबून राहतं आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास रुजतं. खरा गर्भकाळ महिनाभराचाच. पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे थंडी सरून शिकार वाढू लागते तेव्हा होतात. साधारण तीन पिल्लं, आंधळी, सुमारे तीस ग्रॅमची. डोळे पाचव्या आठवड्यात उघडतात. आपल्याकडच्या गाई-शेळ्यांत अशी 'थांबलेली गाभण' नसते, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही.

सॅलमँडरमध्ये बेडकासारखा नर बाहेरून अंड्यांवर बीज सोडतो असं नसतं (महाकाय सॅलमँडरसारखे काही गट वगळता). बहुतेक जातींत नर बीजाची छोटी पुडी जमिनीवर किंवा पाण्याच्या तळाशी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. मग हिमालयी सॅलमँडर पावसाळी डबक्यात पाणवनस्पतींवर एकेक अंडं चिकटवतो. अग्नी सॅलमँडर अंडी पोटातच वाढवून अळ्या थेट ओढ्यात सोडतो. आल्प्सच्या उंच थंडीतला काळा सॅलमँडर पूर्ण तयार पिल्लंच जन्माला घालतो आणि त्यासाठी दोन ते तीन वर्षं पोटात बाळगतो. हत्तीपेक्षाही जास्त.

सॅलमँडर विषारी असतो का? चावला तर?

चावून विष सोडणारा प्राणी आणि खाल्ल्यावर विष चढवणारा प्राणी यांना मराठीत आपण एकच शब्द वापरतो, आणि सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. सॅलमँडर दुसऱ्या प्रकारातला. नागासारखे विषदंत नाहीत, विष कातडीतल्या ग्रंथींत. अग्नी सॅलमँडरच्या डोळ्यांमागे आणि पाठीवर अशा ग्रंथींच्या रांगा असतात आणि छेडलं तर तो त्यातला द्रव थोड्या अंतरावर उडवूही शकतो. डोळ्यांत गेला तर जळजळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खरबरीत कातडीच्या जातीत तर विषारी माशांमध्ये सापडतं तेच जालीम विष असतं. ती गिळून माणूस मेल्याची नोंद आहे. हातात धरल्याने कोणी मरत नाही. हात धुवायचे, डोळ्यांना लावायचे नाहीत.

विदर्भात याचा जवळचा अनुभव म्हणजे भेक, खरबरीत कातडीचा मोठा बेडूक. पावसाळ्यात कुत्र्याने तो तोंडात धरला की तोंडातून फेस येतो, कुत्रं डोकं झटकतं. तोंड वाकडं-खाली धरून पाच-दहा मिनिटं पाण्याची धार सोडा, पाणी घशात जाऊ देऊ नका. लटपटलं किंवा झटके आले तर जनावरांच्या दवाखान्यात न्या.

आणि मार्टेन, मुंगूस, उदमांजर यांपैकी काही चावलं तर?

इथे गंमत नाही. हे सगळे सस्तन आहेत आणि सस्तन प्राण्याच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. सॅलमँडर, बेडूक, पाल, सरडा, साप यांच्यापासून रेबीज होत नाही. उभयचर आणि सस्तन यांतला हा एकच फरक जिवाशी येणारा आहे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काही भरू नका. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालायची घाई नको. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सरकारी दवाखान्यात कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं. ते प्रत्येक उपकेंद्रात नसतं, म्हणून आधी फोन करून विचारा. तीन इंजेक्शनं झाली, बरं वाटतं, म्हणून चौथं सोडणारे बरेच. ते सोडू नका.

तुटलेला पाय परत येतो म्हणतात. पालीची शेपटी येते तसाच?

त्याहून फार पुढे. पालीची नवी शेपूट आतून हाडांची नसते, कूर्चेची नळी असते, आणि दिसायलाही वेगळी. सॅलमँडरचा पाय हाड, स्नायू, नस, बोटांसकट पुन्हा उगवतो; वयानुसार काही आठवडे ते काही महिने लागतात. मेक्सिकोतला अॅक्सोलॉटल नावाचा सॅलमँडर याच कामासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. मार्टेनचा पाय सापळ्यात गेला की गेला.

कोंबड्या मारणारा कोण, हे कसं ओळखायचं?

सॅलमँडर तर नाहीच. मार्टेनही इथे नाही, पण युरोपात दगडी मार्टेन खुराड्यात शिरला की एक नेऊन दहा मारून ठेवतो, तशी खूण आपल्याकडे मुंगूस आणि रानमांजर यांच्याबाबतीत कधीकधी दिसते. कारण क्रूरपणा नव्हे : बंद जागेत फडफडणारी शिकार पळत नाही, त्यामुळे झडप घालण्याची कळ बंदच होत नाही.

वेळ बघा. दुपारी पिल्लू गायब आणि अंडी फुटलेली : मुंगूस. रात्री एकच कोंबडी, पिसांचा ढीग बाहेर, शरीर गायब : रानमांजर किंवा कोल्हा. रात्री आत, वरच्या फटीतून शिरकाव, मान-डोकं खाल्लेलं : उदमांजर किंवा जवादी मांजर. खुराड्यासमोर चाळलेली बारीक माती बोटभर जाडीने पसरून ठेवा. सकाळी ठसा वाचा. मांजराच्या ठशात बोटं चार, नख दिसत नाही. कोल्ह्याच्या ठशात बोटं चार आणि नख्या. मुंगूस, उदमांजर आणि मार्टेन यांच्या ठशात बोटं पाच.

इलाज जाळीचा. षट्कोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. तार वाकते आणि पंजा आत येतो. अर्ध्या इंच भोकाची वेल्डेड जाळी घ्या. ती जमिनीला टेकवून थांबू नका : बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगत उकरतं, मागे सरून नाही, म्हणून ही आडवी पट्टी पुरते. टिनाचं छत आणि भिंत यांमधली फट दोन इंचांच्या वर असेल तर उदमांजराचं पिल्लू शिरतं, युरोपात मार्टेनही तेवढ्यातूनच जातो. ती फट आधी बुजवा. आणि दार सूर्य मावळायच्या आत लावा, 'जरा वेळाने' नाही. निम्मी नासाडी त्या जरा वेळात होते.

विष घालू नका. मुंगूस मेलं की उंदीर वाढतात, आणि गुन्हा वेगळाच.

हे दोघं विदर्भात का नाहीत? जंगल तर भरपूर आहे.

जंगल आहे, पण मे महिन्यात ४५-४६ अंश आहे, आणि होळी ते मृग या काळात पानगळीचं जंगल उघडं पडतं. ओल्या कातडीला आणि दाट लोकरीला, दोघांनाही हे न मानवणारं. बेडकांनी मात्र तोड काढली. काही जाती जमिनीत खोल पुरून घेतात आणि पहिल्या पावसाला वर येतात. सॅलमँडरनी हे इथे शिकलं असतं तर? शिकायला ते इथवर पोचलेच नाहीत. त्यांचं मूळ उत्तर गोलार्धातल्या थंड भूभागांत. भारताचा तुकडा आशियाला येऊन भिडला तो नंतर, आणि त्यांची घोडदौड पूर्व हिमालयाच्या ओल्या उतारांवर थांबली. खाली गंगेचं तापलेलं मैदान.

मार्टेनची गोष्ट जास्त रंगतदार आहे. एक जात हिमालयात आणि तिची जवळची बहीण थेट निलगिरीत. मधले जवळपास दोन हजार किलोमीटर रिकामे. सुंदरलाल होरा या मत्स्यतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं होतं की पूर्वेकडचे ओलाव्याचे प्राणी सातपुडा-विंध्याच्या रांगांवरून सह्याद्रीत आले, कारण तेव्हा या रांगा आजच्यापेक्षा थंड आणि ओल्या होत्या. 'सातपुडा गृहीतक' म्हणतात ते हेच. होरांचा आधार ओढ्यातले मासे होते, आणि आज ही मांडणी सर्वमान्य नाही. तरी चिखलदऱ्याला धुकं उतरतं तेव्हा तिथून एखाद्या मार्टेनचा पूर्वज गेला असेल का, असा विचार मनात येतोच. आमचं मत : विचार करायला हरकत नाही, सिद्ध झालं म्हणून सांगायला मात्र हरकत आहे.

बोडीत किंवा शेततळ्यात सॅलमँडर आणून सोडले तर डास कमी होतील का?

नका. एक तर मे महिन्यात मरतील. दुसरं, परदेशी सॅलमँडरबरोबर कातडी खाणारी बुरशी येते. नेदरलँड्समध्ये तिने अग्नी सॅलमँडर जवळपास संपवले आणि २०१३ मध्ये ती ओळखली गेली. बेडकांच्या मुळावर उठलेली तिची बहीण बुरशी जगभर पसरली ती अशाच व्यापारातून. डासांसाठी बोडीतले बेडूक आणि चतुर पुरेसे आहेत; फवारणीचा पंप त्या पाण्यात धुवू नका, एवढं केलं तरी खूप.

उलटं उदाहरणही आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांत तळ्यांत बाहेरचे मासे सोडल्यावर हिमालयी सॅलमँडरची अंडी-पिल्लं त्यांनी खाल्ली.

अॅक्सोलॉटल पाळावा का? नागपुरात मिळतो म्हणे.

त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं, २४ च्या वर तो आजारी पडायला लागतो : कल्ल्यांची टोकं पुढे वळतात, खाणं सोडतो, अंगावर बुरशीचे कापसासारखे पुंजके येतात. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीतही टाकीतलं पाणी ३० च्या घरात जातं. म्हणजे पाणी थंड करणारं चिलर यंत्र हवं, आणि लोडशेडिंग झालं तर इन्व्हर्टर. बर्फाच्या पिशव्या टाकून भागत नाही. तापमान वरखाली होत राहतं आणि तेच त्याला मारतं. शिवाय हा वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेला प्राणी आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दुकानदार हे सांगत नाही.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून सहाऐवजी चारच अनुसूची उरल्या. उदमांजर, मुंगूस, घोरपड, चांदी अस्वल यांना मारणं, पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रशही. घरात जनावर अडकलं तर दार-खिडकी उघडी ठेवून दिवे बंद करा, बहुतेकदा ते रात्रीतून निघून जातं. नाही गेलं तर वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

सॅलमँडर आगीत जळत नाही हे खरं?

खोटं. ओलसर ओंडक्यात लपलेला सॅलमँडर चुलीत लाकूड घातल्यावर बाहेर पळायचा, त्यावरून युरोपात समज झाला. हॉटेलच्या स्वयंपाकघरात वरून आच देणाऱ्या भट्टीला सॅलमँडर म्हणतात ते त्यामुळेच.

चिखलदऱ्याच्या कड्यावर मार्टिन दिसतात असं वाचलं.

बरोबर वाचलं, पण तो मार्टिन, पक्षी, भिंगरीच्या कुळातला. वेलांटीचा फरक आहे.

मार्टेन आणि सॅलमँडर समोरासमोर आले तर?

युरोपच्या जंगलांत आणि पूर्व हिमालयात येऊ शकतात. मार्टेन हुंगतो, आणि कातडीच्या कडवट द्रवामुळे बहुधा सोडून देतो. शाळेतल्या मुलांना हे उत्तर आवडत नाही.

प्रत्यक्ष पाहायचे असतील तर कुठे जावं?

सॅलमँडरसाठी दार्जिलिंगजवळचं जोरपोखरी अभयारण्य, पावसाळ्यात, कारण तेव्हाच तो पाण्याशी येतो; हिवाळ्यात तो ओंडक्यांखाली, मातीत निपचित असतो आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलेले लोक म्हणूनच रिकाम्या हाती परततात. वीतभर लांब, गडद तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची रांग. उचलायचा नाही, हाताचं मीठ आणि डासांचं मलम त्याच्या कातडीतून थेट आत जातं.

पिवळ्या गळ्याच्या मार्टेनसाठी उत्तराखंडातली नैनिताल-बिनसरची ओकची जंगलं. सकाळी सात ते दहा, कचराकुंडीच्या आसपास दिसला तरी नवल मानू नका. निलगिरी मार्टेनसाठी केरळातलं पंपाडम शोला. तो दिसायला नशीब लागतं. तिथे आठ दिवस राहून नुसता पाऊस पाहून आलेले बरेच आहेत.